भोकं बुजू नयेत म्हणून

डॉक्टर सिक्वेरांचा दवाखाना बंद झाला
तेव्हा थकलेल्या पगारात मला त्यांचं ड्रिल मिळालं.
एकतीस वर्षं त्यानं लोकांच्या दाढा कोरल्या,
आणि मी मागच्या खोलीत मेणाचे दात पाडत बसायचो,
सोन्याच्या टोप्या घासत.
आता तेच ड्रिल बाटलीच्या काचेला भोक पाडतं,
पाण्याखाली, हळूहळू.
काच तोंड उघडत नाही.
पेशंटांपेक्षा बरी.

ओहोटीला माहीमच्या किनाऱ्यावर जातो.
पिशव्या, चपला बाजूला सारल्या की सापडते:
खोकल्याच्या औषधाची तपकिरी, बिअरची हिरवी,
निळी वर्षातून एखादी.
समुद्रानं चाटून चाटून धार घालवलेली.
तार पंख्याच्या जळक्या मोटारीतली,
गल्लीतला रिवाइंडिंगवाला किलोवर देतो.
चांदी कुर्ल्याहून;
तिथे एकजण जुने एक्स-रे धुऊन काढतो ती.
म्हणजे माझ्या आकड्यांत
कुणाकुणाच्या मोडक्या बरगड्या वितळल्यात,
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही.

गुंजांना मात्र नाकाला फडकं बांधून हात लावतो.
लालबुंद, काळी टिकली लावलेल्या,
आणि पोटात विष.

धाकलीबाय आली ती पाटी विकून, उन्हाची.
दोन्ही पाळ्यांत कडुनिंबाच्या काड्या.
"कुड्या इंजिनान गेल्या," म्हणाली,
"पतपेढीन हायेत. भोका बुजतील र दातवाल्या."
आणि पदराची गाठ सोडली.

आत दोन खडे. दुधाळ, जड,
अर्धवट सोललेल्या बदामासारखे.
घोळीच्या डोक्यातले.
"इनी मासा तोल सांभालतो, म्हातारा सांगायचा.
त्याच्या जाल्यान आलेली शेवटची मोठी घोल."
एवढंच बोलली, आणि स्टुलावर बसून
दारातल्या मांजराला हाकलू लागली.

ड्रिल टेकवलं, आणि उचललं.
भिंगाखाली खड्यात वलयं होती,
झाडाच्या बुंध्यात असतात तशी.
मोजली. नऊ.
म्हटलं, बाय, तुझी घोळ नऊ वर्षांची होती.
"वय नको, वजन सांग."

तराजू काढला.
एक खडा बारा गुंजा,
दुसरा बारा आणि वर काहीतरी,
जे गुंजांनी सांगता येईना.
मी जड कानाकडे जड, असं काही ठरवू पाहत होतो;
ती म्हणाली, "लाव कुठंय. मी काय आता पोहनार हाय?"

पाचव्या आणि सहाव्या वलयामधून भोक पाडलं.
ड्रिलच्या पाण्याला
क्षणभर मासळीचा वास आला,
की मला वाटलं.
एक्स-रेच्या चांदीचे आकडे घातले.
तिनं काड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या,
आरशात न बघताच मान हलवून पाहिली.
पैसे घेतले नाहीत म्हणून
आठवडाभर दाराशी बोंबलाचा वाटा येत राहिला.

चौदा महिन्यांनी कुड्या सुटल्या.
ती आली, कानात पिवळं चमचमत,
आणि खडे पुन्हा गाठीतून काढले.
"ठेव. कोनाचेतरी कान मोकले पडतील."

तेव्हापासून वही आहे.
नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख.
हिंदुजात नवरा असलेली सुलभा काटदरे, दोन महिने.
मुलाच्या फीसाठी पाटल्या-डूल विकलेली फरझाना, साडेसात.
एक तर फक्त लग्नापुरती,
दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून देऊन गेली,
आकड्यांना अत्तर लागलेलं.

परवा शारदानं नेले. पोळ्यांची कामं करते.
"परत कधी द्यायचे?"
सोनं आलं की, म्हटलं.
"आणि नाही आलं तर?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
वहीत त्यासाठी रकानाही आखलेला नाही.
मी काचेवर पाणी सोडलं,
ड्रिल लावलं.
ती उंबऱ्यात थांबली होती,
डावा कान किंचित खाली,
बारा गुंजा आणि वर काहीतरी.